वंशावळीत नसलेल्या बायका

मला नोकरी लागली ती एकाच कारणानं. अस्पतालात येणाऱ्या बायका पुरुष डॉक्टरांशी बोलायच्या नाहीत. मध्यभारत सरकार तेव्हा नवंनवं होतं. संस्थान विलीन झालं होतं, आणि माझ्या वडिलांसारखे दरबारी कचेरीतले लोक पेन्शनीत निघून घरी बसले होते. मी इंटर झालेली, चोवीस वर्षांची, बिनलग्नाची. लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं होतं. माझ्या आत्याला फेफरं यायचं, ते कुणीतरी मुलाकडच्यांच्या कानावर घालायचं आणि बोलणी थांबायची. मला उभ्या जन्मात साधी चक्करही आली नव्हती, पण ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वेळी मी वडिलांना सांगून टाकलं, आता मला दाखवायला न्यायचं नाही, मी नोकरी शोधते.

नेमणुकीच्या कागदावर मी रेकॉर्ड क्लार्क होते. खरं काम निराळंच होतं. मेडिसिनचे मोठे डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले होते. ते मराठी नव्हते, माझ्याशी हिंदीतच बोलायचे. घराण्यात चालत येणारे आजार हा त्यांचा ध्यास. पेशंटच्या घरात आणखी कुणाला हा त्रास होता का, हे त्यांना मुळापासून हवं असायचं. ते विचारायला लागले की बायका पदर तोंडाशी नेऊन नवऱ्याकडे बघायच्या. "आप पूछिए," ते मला म्हणाले, "आपसे बोलेंगी."

त्यांनी मला कागद मांडायला शिकवलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, मुलं खाली लोंबकळती. आजारी असेल त्याला आतून काळं करायचं. नावं कागदावर लिहायची नाहीत, ती निराळ्या रजिस्टरात, कुलपात. आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावली होती. आपल्याला जे माहीत आहे ते सांगायचं, जे माहीत नाही तेही सांगायचं, पण कुणी काय करावं ते आपण सांगायचं नाही. या कामाला पुढं मोठं नाव मिळालं, त्याच्या पदव्या निघाल्या. तेव्हा नाव नव्हतं. अस्पतालातल्या सिस्टर मला "रिश्तेदारीवाली बाई" म्हणायच्या.

त्या वर्षी गणपती उठल्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी एक टांगा दाराशी थांबला. बडा गणपती मोहल्ल्यातलं घराणं. सासू, सून आणि सुनेच्या मांडीवर चार वर्षांचा मुलगा. ओट्यावरून पडून ओठ आतून फाटला होता. जखम तांदळाएवढी, पण तीन दिवस रक्त झिरपत होतं. पोराचा चेहरा मेणासारखा झाला होता आणि सुनेच्या लुगड्याचा पदर रक्त वाळून कडक झाला होता.

डॉक्टरांनी बापाला बोलावून घेतलं, त्याचं रक्त पोराला चढवलं, ओठावर बर्फ धरायला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्त थांबलं. मग मी रजिस्टर घेऊन खाटेशी बसले. प्रश्न सुनेला विचारावा आणि उत्तर सासूनं द्यावं, असं चाललं.

"हिला काय विचारता?" सासूबाई म्हणाल्या. उंच बाई, नऊवारी चापूनचोपून नेसलेली, आवाज फौजेतला. "आमच्याकडे सात पिढ्या तलवारीच्या. रक्त सांडलं, पण थांबायचं तेव्हा थांबलं. हे असलं ही घेऊन आली."

सून खाली बघत पोराचा पाय चोळत होती. मला वाटतं बावीस-तेवीसची असेल.

"आजी," मी म्हटलं, "मोसंबीचा रस द्यायला सांगितलाय. वॉर्डातल्या पोऱ्याच्या हातून काही धड होत नाही, तुम्हीच बघून आणता का?"

त्या गेल्या. दाराआड झाल्या तशी सून भडाभडा बोलायला लागली. कान टोचले तेव्हा चार दिवस रक्त आलं होतं. गुडघे मधूनच सुजतात, निळे पडतात, पोरगं रात्रंदिवस कण्हतं. शेजारणी म्हणतात दृष्ट, सासूबाई म्हणतात पायगुण.

"माहेरी कुणाला असं?"

तिनं दाराकडे पाहिलं. "माझे एक मामा लहानपणीच गेले. पण ते विषमज्वरानं. आई तसं म्हणते."

पुढच्या आठवड्यात मी दोन्ही घरी गेले. आधी बडा गणपतीकडे. सासरे दरबारच्या पागेतले जुने अधिकारी, बोलणं अदबीचं. त्यांनी स्वतःहून एक लांब गुंडाळी आणून सतरंजीवर उलगडली. जहागिरीच्या कामासाठी आजोबांनी मोडीत लिहवून घेतलेली वंशावळ होती ती. "पाहा बाई, एक तरी असा गेलेला सापडतो का," ते म्हणाले. ते मला एकेक नाव वाचून दाखवायला लागले. कुणी लढाईत पडलेला, कुणी पटकीनं गेलेला, बाकी म्हातारे होऊन. पंचेचाळीस-पन्नास पुरुष असतील.

"यातल्या बायका कुठे आहेत?" मी विचारलं.

ते हसले. "बायकांची वंशावळ असते का?"

परत येताना टांग्यात माझं डोकं तापलं होतं. आमच्या घरीही अशीच गुंडाळी होती. तिच्यात मी नव्हते, आत्या नव्हती. लग्न मोडायच्या वेळी मात्र आत्या बरोबर सापडत होती.

मग स्नेहलतागंज. सुनेचं माहेर दोन खोल्यांचं. विधवा आई, शिवणकाम करायची, आणि धाकटी मुलगी, कॉलेजात शिकणारी, तिचं लग्न नुकतंच जुळत आलेलं. धाकटी घरी नव्हती. आईनं चहा केला, इकडचं तिकडचं बोलली. भावाचं विचारल्यावर म्हणाली, विषमज्वर. मी पेन्सिल खाली ठेवली.

"काकू, तुमचा नातू परवा मरता मरता वाचला. पुन्हा पडेल तेव्हा काय करायचं, ते आम्हाला कळायला हवं."

बाईनं उठून दार लोटलं आणि मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाली, "दात पाडला होता. नऊ वर्षांचा होता. पाच दिवस. कापूस घालायचा, भिजायचा, काढायचा. माझ्या आईनं मला देवापुढं शपथ घातली, तुझं लग्न व्हायचंय, हे बोलायचं नाही. मी आजपर्यंत बोलले नाही हो. नवऱ्यालासुद्धा."

कागद पुरा झाला. भाऊ काळा, नातू काळा, आणि दोघांच्या मध्ये कोरे गोल. आजार पुरुषांना होतो, पण पोचतो बायकांच्या हातून, आणि त्या स्वतः ठणठणीत राहतात, असं ते चित्र होतं. पुढं नेणारीला ठिपका द्यायचा; आईच्या गोलात मी ठिपका घातला, थोरलीच्या गोलात ठिपका घातला. धाकटीत असेल किंवा नसेल. तपासून कळायचा उपाय तेव्हा नव्हता. तिच्या गोलात मी प्रश्नचिन्ह काढलं.

सुनेला सांगायचं काम माझ्याकडे आलं. पोराला सोडायच्या दिवशी मी तिला व्हरांड्यात घेऊन बसले आणि तो कागद दाखवला. घरून अर्धे फोडलेले चिंचोके आणले होते, पटावर खेळतात तसले, एक बाजू पांढरी, एक काळी.

"मुलगा झाला की चिंचोका पडला असं समजा. पांढरा पडला तर चांगला, काळा पडला तर याच्यासारखा. मुलगी झाली तर ती स्वतः बरी असणार, पण पुढं न्यायची की नाही याचाही एक चिंचोका."

तिनं टाकला. काळा. पुन्हा टाकला. काळा. तिचे डोळे भरले.

"आधी काय पडलं ते चिंचोक्याच्या लक्षात राहत नाही," मी म्हटलं. "दर खेपेला नवा."

"म्हणजे मी दिलं त्याला. सासूबाई म्हणतात ते खरंच की."

"सासूबाई त्याला तुमचं पाप समजतात. पाप करावं लागतं. तुम्ही काय केलंत? तुमच्या आईकडून आलं, तिला तिच्या आईकडून. नाक येतं, केस येतात, तसं. कुणी मागून घेतलेलं नाही."

तिनं चिंचोके गोळा करून माझ्या हातात दिले. मग तिनं विचारलं, "आता अजून मूल होऊ द्यावं का नाही? ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

नको, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "मी तुमच्या जागी नाही."

"मग एवढं शिकून काय उपयोग तुमचा?" ती उठून गेली. मी चिडून डॉक्टरांकडे गेले, म्हटलं, तुमचा हा नियम माणुसकीचा नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, "पूछ रही है, मतलब सोच रही है। सोचने दीजिए।" मला ते पटलं नव्हतं. आजही काही दिवशी पटत नाही.

यानंतर महिनाभरात तो गृहस्थ आला. धाकट्या बहिणीचं ज्याच्याशी जुळत होतं, त्या मुलाचा काका, सेक्रेटरिएटमध्ये वजनाचा माणूस. बडा गणपतीच्या सासूबाईंनी कुठल्याशा हळदीकुंकवात तोंड सैल सोडलं होतं, आणि ते यांच्या कानावर गेलं होतं. सुपरिंटेंडेंटच्या खोलीत मला बोलावणं आलं. काका खुर्चीत, सुपरिंटेंडेंट टेबलाआड, मी उभी.

"आपल्याकडे त्या घरचा एक कागद आहे म्हणे," काका म्हणाले. "आम्हाला पाहायचाय. मुलीच्या भल्याचंच आहे."

"कागद आहे," मी म्हटलं. "पण तो आपल्या घरचा नाही."

"बाई, लग्न म्हणजे दोन घरांचा प्रश्न असतो. आम्हाला अंधारात ठेवायचं का?"

"ज्यांचा कागद आहे त्यांना विचारा. त्या सांगतील तर सांगतील. बायकांनी मला विश्वासानं सांगितलेलं मी तुम्हाला देणार नाही."

सुपरिंटेंडेंटनी खाकरून हिंदीत सांगितलं, "देखिए, ये हमारे अपने आदमी हैं। दिखा दीजिए, बात खत्म।"

"नाही साहेब."

"ये हुक्म है।"

"मग हुकूम लेखी द्या. पेशंटच्या घरची माहिती त्रयस्थाला द्यावी, असं लिहून सही करा. मी तो हुकूम घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जाते."

मला माझ्या दोन मोडलेल्या लग्नांतले असेच काका आठवत होते. त्यांना तेव्हा कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. काका उठले. "एका कारकून बाईची ही मिजास," एवढं म्हणाले आणि गेले.

लेखी हुकूम आला नाही. दुसऱ्या दिवशी माझी बदली आली, कपड्यांच्या स्टोअरमध्ये. चादरी आणि उशांचे अभ्रे मोजायचे. डॉक्टरांनी भांडून पाहिलं, त्यांचं चाललं नाही. जाण्याआधी मी त्यांच्या कपाटातून तो कागद काढून पिशवीत घातला. त्यांनी पाहिलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

चार दिवसांनी स्टोअरच्या दारात एक मुलगी उभी राहिली. हातात सायकल, दोन वेण्या, रागानं लाल झालेली. थोरलीसारखाच चेहरा होता, म्हणून ओळखली.

"माझ्यावर प्रश्नचिन्ह तुम्ही काढलंत?"

मी म्हटलं, "हो."

"मला विचारून? ताईनं तो कागद पाहिला, मला सांगितलं. तुम्ही आईशी बोललात, ताईशी बोललात, त्या मुलाच्या काकाशी भांडलात म्हणे. सगळ्यांशी बोललात. माझ्याशी?"

मी तिच्यासाठी भांडून स्वतःवर खूश होते, आणि हिला भेटलेसुद्धा नव्हते. मी तिला गठ्ठ्यावर बसवलं आणि कबूल केलं की चुकलं. मग पहिल्यापासून सांगितलं. ती बी.एस्सी. करत होती, चिंचोके लागले नाहीत. उलट तिनंच मला दोन प्रश्न असे विचारले की उत्तर डॉक्टरांना विचारून यावं लागलं असतं.

"म्हणजे कळणार नाही," ती शेवटी म्हणाली. "मुलगा होऊन पडेपर्यंत कळणार नाही."

"नाही."

"तो कागद कुठे आहे?"

मी पिशवीतून काढला. देताना जरा हात अडखळला, कारण आईचं गुपितही त्यावर होतं. तसं मी बोलून दाखवलं.

"आईला विचारते," ती म्हणाली. "रविवारी ते लोक येणारेत, पक्कं करायचं की नाही ते ठरवायला. तुम्ही या. काही बोलू नका, नुसत्या बसा. बोलेन मी."

रविवारी स्नेहलतागंजच्या त्या खोलीत जाजम अंथरलं होतं, पोह्यांच्या बश्या ठेवल्या होत्या. मुलगा, त्याची आई आणि काका. काकांनी मला पाहून भुवया चढवल्या. मुलगा ओव्हरसियर होता, दिसायला सालस. पोहे झाले तशी धाकटी आतून आली. खाली न बसता तिनं कागद जाजमावर पसरला.

"हा आमच्या घरचा कागद. काकांना हवा होता ना? आईची परवानगी घेतलीय. हा माझा मामा, दात पाडल्यावर गेला. हा भाचा. ही आई, ही ताई. ही मी. माझ्यात आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. असलं तर मला काही व्हायचं नाही, मुलाला होऊ शकतं."

मुलाची आई मागे सरकली, जणू कागद लागेल. मुलगा मात्र वाकून बघत होता. "हे तुम्हाला आधी माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"मंगळवारी कळलं. आज रविवार."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं, असं मला वाटलं. पण त्यानं काकांकडे पाहिलं. "घरी विचारून सांगतो."

"विचारायचं काय आहे त्यात?" काका म्हणाले. "उठा."

"थांबा," ती म्हणाली. "मला पण एक विचारायचंय. तुमच्या घरचा असा कागद आहे का? तुमच्या आईचे भाऊ कशानं गेले, आजीची किती मुलं गेली, माहीत आहे? नाही ना? मग मी कसं हो म्हणू?"

"ही काय बोलायची पद्धत झाली!" काका ओरडले.

"मी हो म्हणत नाही," ती मुलाकडे बघून म्हणाली. "तुम्ही घरी विचारायला लागू नका."

ते गेले. बाहेर काका मोठ्यानं काहीबाही बोलत होते, शेजारचे डोकावत होते. खोलीत आई भिंतीला टेकून रडत होती. मला वाटलं, आता ती मुलीला बोल लावणार. पण तिनं डोळे पुसले आणि एकदम म्हणाली, "त्याला पोह्यांवर शेव लई आवडायची. बशीत पोहे कमी, शेव जास्त." आम्हाला क्षणभर कळेना, कुणाला. मग कळलं. पस्तीस-चाळीस वर्षांत ती भावाबद्दल पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलत होती. त्यानंतर तासभर बोलत राहिली. आम्ही दोघी ऐकत बसलो, पोहे गार झाले.

मला चार महिन्यांनी स्टोअरमधून परत आणलं. न्याय वगैरे काही नव्हता. वॉर्डातल्या बायका नव्या कारकुनाशी बोलेनात, डॉक्टरांची रजिस्टरं कोरी राहायला लागली, म्हणून आणलं. मी परत आले ती एक अट घालून. कागद ठेवायच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील. सुपरिंटेंडेंटनी तोंड वाकडं करून ती दिली.

धाकटी मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायला लागली. लग्न तिनं उशिरा केलं, आपल्या मर्जीनं, सगळं सांगून. थोरलीनं दोन वर्षं विचार केला आणि दुसरं मूल होऊ दिलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. मुलगी झाली. ती पुढं नेणार की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि थोरली म्हणायची, मोठी झाली की मी स्वतः तिला बसवून सांगीन, शपथा नाही घालायची. मुलगा एका गुडघ्यात ताठ राहिला, लंगडायचा, पण मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश आला तेव्हा तो शाळेत जात होता.

त्याच सुमारास थोरलीनं मला हळदीकुंकवाला बोलावलं. बडा गणपतीचं ते घर बायकांनी भरलं होतं. मुलगा भिंतीला धरून आत आला, तशी एक पाहुणी चुकचुकली आणि सासूबाईंकडे वळून म्हणाली, "तुमच्या घराण्यात असलं कुठून आलं हो?" सासूबाईंनी तोंड उघडलं, पण सून हातातलं गुलाबदाणीचं तबक घेऊन मध्ये उभी राहिली.

"माझ्याकडून आलं," ती म्हणाली. "माझ्या आईकडून, तिच्या आईकडून. अजून काही विचारायचंय? विचारा, मला सगळं माहीत आहे."

तिनं पाहुणीच्या हातावर गुलाबपाणी शिंपडलं आणि पुढच्या बाईकडे वळली.